डबा रिकामा परत जात नाही

दिवाळीच्या तोंडावर आमच्या सोसायटीची कमिटी मीटिंग झाली. टाकीची सफाई, लिफ्टवाल्याचं थकलेलं बिल आणि पार्किंगमधला कायमचा तंटा उरकल्यावर सेक्रेटरींनी घड्याळाकडे बघत शेवटचा विषय वाचला : पोलीस चौकीवरच्या लोकांची दिवाळी. सुक्या मेव्याचे चार खणी डबे, नग 14, दर 550, एकूण 7,700 रुपये. खर्च ‘किरकोळ’ या सदरात टाकायचा. हा विषय दरवर्षी वाचता वाचताच मंजूर होतो. यंदा मी हात वर केला आणि माझा विरोध इतिवृत्तात लिहून घ्या म्हणाले. चपला शोधायला उठलेली माणसं पुन्हा खाली बसली.

मला उत्तर द्यायला उभे राहिले ते बँकेतून निवृत्त झालेले आमचे शेजारी. मी त्यांना काका म्हणते. इथेही तेच म्हणते. बोलायला मृदू, वाचन दांडगं, आणि वाद घालताना समोरच्याला तोडून न बोलणारा असा माणूस हल्ली मिळत नाही. काका म्हणाले, “अगं, लाच वेगळी आणि भेट वेगळी. लाच मागून घेतात, कामासाठी घेतात. इथे कुणी मागितलेलं नाही, आपलं कसलं काम अडलेलं नाही आणि देतोय वर्षातून एकदा. आपण घरात फराळ करत असतो तेव्हा तो पोरगा चौकात फटाक्यांच्या धुरात उभा असतो. त्याच्या लेकरांच्या तोंडात चार काजू गेले तर तुझी लोकशाही बुडते का? आणि आलेल्या माणसाला चहासुद्धा विचारायचा नाही, ही कुठली रीत?” टाळ्या पडल्या. ठराव बहुमताने मंजूर झाला. माझा विरोध एका ओळीत नोंदला गेला, माझं आडनाव चुकवून.

काकांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. राज्यातल्या बहुतेक भल्या माणसांचं तेच मत आहे, आणि भल्या माणसांचं आहे म्हणूनच त्याचा नीट समाचार घ्यायला हवा. हप्तेखोरीविरुद्ध लिहिणं सोपं असतं, तिची बाजू घेणारा कुणी नसतो. चहाच्या कपाविरुद्ध लिहायला गेलं की मात्र आपणच माणूसघाणे ठरतो.

तर त्यांच्याच घरापासून सुरुवात करते. दर आषाढात काकूंकडून आमच्याकडे कापण्या येतात, स्टीलच्या डब्यात, झाकणावर नाव कोरलेलं. तो डबा मी आजवर रिकामा परत केलेला नाही. कधी शंकरपाळे, कधी गावाकडची आमसुलं, आणि घरात काहीच नसलं तर मूठभर साखर. हे मला कुणी समोर बसवून शिकवलेलं नाही. आईला बघून आलं, तिला तिच्या आईला बघून आलं असेल. लग्नाच्या आहेराची वही घ्या. कुणी किती पाकीट घातलं, कुणी पातळ नेसवलं, सगळं टिपून ठेवायचं आणि पंधरा वर्षांनी त्यांच्या घरच्या कार्याला जाताना ती वही काढून बघायची. महाराष्ट्रात सर्वांत सचोटीने ठेवलेली हिशेबवही कुठल्या बँकेत नसेल, या आहेराच्या वहीत असेल. (बँकवाल्या काकांनी राग मानू नये.)

आता तोच संस्कार घेऊन वाढलेला एक मुलगा पोलिसात जातो. आपण त्याच्या हातात डबा ठेवतो. तो परत करताना तो त्यात काय घालणार? पगार त्याचा आहे, पण त्यातून तो आपल्याला काजू आणून देणार नाही, तशी कुणाची अपेक्षाही नाही. मग त्याच्याकडे देण्यासारखं उरतं काय? कुणाच्या फोनवर आधी उठायचं, कुणाचं म्हणणं किती ओळींत लिहून घ्यायचं, कुणाला हटकायचं आणि कुणाकडे बघून न बघितल्यासारखं करायचं. या गोष्टी त्याच्या मालकीच्या नाहीत, आपण सगळ्यांनी मिळून त्याच्या ताब्यात ठेवलेल्या आहेत. डबा भरायची वेळ आली की तो यातूनच भरला जातो. तो मुलगा वाईट असतो म्हणून असं होत नाही, वळणाचा असतो म्हणून होतं. निर्लज्ज माणूस तुमचे काजू खाऊन तुम्हाला ओळखही दाखवणार नाही. उपकाराची जाण ठेवणाऱ्याचीच यात अडचण होते.

माझ्या आत्याची एका तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर खानावळ होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथे असायचे, आणि अक्षर बरं म्हणून मेंबरांच्या वहीचं काम माझ्याकडे यायचं. प्रत्येकाचं एक पान, डावीकडे जमा, उजवीकडे नावे, महिनाअखेर बेरीज. एका पानावर नाव होतं ‘चौकी’. उजवी बाजू भरलेली : दोन ताटं, एक ताट, तीन ताटं आणि एक डबा. डावी बाजू पांढरी. मी म्हणाले, “आत्या, ही बेरीज करायची राहिली.” ती पोळी उलटत म्हणाली, “ती नाही करायची.” मग लिहायचं तरी कशाला, असं मला तेव्हा सुचलं नाही. आता वाटतं, आत्याला पक्कं ठाऊक होतं. ज्याची बेरीज करायची नसते तेही माणूस लिहून ठेवतो.

शेजारी आणखी एक खानावळ होती. दोघांच्याही पाट्या आणि बाकडी रस्त्यावर आलेली. एके दिवशी वरून हुकूम आला, रस्ता मोकळा करा. आमच्याकडे जेवणारे हवालदार टेम्पो घेऊन आले. स्वभावाने सज्जन माणूस, जेवताना मीठसुद्धा मागून न घेणारा. त्यांनी शेजारची पाटी आणि बाकडं टेम्पोत चढवलं. आमच्या दाराशी आल्यावर म्हणाले, “आत्याबाई, एवढं आत घेता का जरा?” आणि बाकड्याला एका बाजूने स्वतः हात लावला. त्या माणसाला तुम्ही पक्षपाती म्हणाला असतात तर त्याने गळ्याला हात लावून शपथ घेतली असती, आणि ती खोटी नसती. आत्याने काही मागितलं नव्हतं, त्यांनी काही कबूल केलं नव्हतं. शेजारचा खानावळवाला हातात पळी घेऊन दारात उभा होता. तो काही बोलला नाही. पुढच्या महिन्यापासून त्याच्या वहीतही एक पान उघडलं.

काकांच्या सगळ्या युक्तिवादात हा पळीवाला कुठेच नाही. त्यांच्या चित्रात दोनच माणसं आहेत, प्रेमाने देणारा आणि संकोचाने घेणारा. दोघंही खूश, मग बिघडलं कुठे? बिघडतं ते तिसऱ्याचं. पोलिसाला मिळालेली भेट चांगली की वाईट हे ठरवताना देणाऱ्याच्या मनात काय होतं ते विचारू नये, घेणाऱ्याच्याही नाही. ज्याने काही दिलेलं नाही त्याला दारात उभं करावं आणि तिथून काय दिसतं ते विचारावं.

कायद्याला हे फार पूर्वी कळलेलं आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 161 लाचेचं होतं, काकांच्या व्याख्येतल्या लाचेचं, कामासाठी घेतलेल्या. पण त्यापुढे 165 हे वेगळं कलम होतं. ज्याचं काम आपल्यासमोर आहे किंवा येण्याचा संभव आहे अशा माणसाकडून मौल्यवान वस्तू फुकट किंवा अपुऱ्या मोबदल्यात घेणं, एवढ्यावरच ते थांबतं. बदल्यात काय केलं ते विचारत नाही. उदाहरणही दिलं होतं. एक कलेक्टर एका माणसाचं घर भाड्याने घेतो. त्या माणसाचं जमाबंदीचं प्रकरण याच कलेक्टरपुढे चालू आहे. घराचं रास्त भाडं महिना 200 रुपये, आणि ठरतं 50. बस्स, एवढ्यात गुन्हा पुरा. निकाल त्याच्या बाजूने लागला की विरुद्ध, याची चौकशी नाही. कारण कायदा लिहिणाऱ्यांना माहीत होतं की दीडशे रुपये दरमहा वाचवणाऱ्या माणसाच्या मनाचा पंचनामा करता येत नाही. ही तरतूद पुढे 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये आली आणि आजही आहे.

काका वर्तणूक नियमांचा आधार घेतील, कारण तसलेच नियम त्यांनी नोकरीत पाळले आहेत. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 आणि आयपीएस अधिकाऱ्यांना लागू असणारे 1968 चे नियम, दोन्हींत म्हटलंय की प्रसंगाने घडलेलं जेवण, वाटेत मिळालेली लिफ्ट किंवा असा सामाजिक पाहुणचार ही भेट समजू नये. पाहा, नियमच परवानगी देतो! देतो खरा, पण त्याच जागी पुढे बजावलेलंही आहे : ज्यांच्याशी सरकारी कामाचा संबंध येतो त्यांच्याकडून भपकेबाज किंवा वारंवार होणारा पाहुणचार टाळावा. आणि फुकट प्रवास, फुकट राहणं-जेवण, फुकट सेवा ही भेटच आहे असं तिथे स्वच्छ लिहिलंय. ‘प्रसंगाने’ आणि ‘वारंवार’ या दोन शब्दांत आपली सगळी टपरी, खानावळ आणि दिवाळी सापडते. उन्हात पंचनामा करायला आलेल्या पोलिसाला घरात पाणी नि चहा देणं हा प्रसंग झाला. त्याच पोलिसाने रोज सकाळी साडेदहाला त्याच टपरीवर कटिंग घ्यायचं आणि खिशात हात न घालता निघायचं, याला प्रसंग म्हणत नाहीत. आणि वर्षातून एकदा, ठरल्या तारखेला, ठरलेल्या संख्येने, कमिटीत ठराव करून 14 डबे पोचवणं यात तर पाहुणचार नावालाही नाही. ती देय रक्कम झाली.

‘न मागता देतोय’ या वाक्याची गोष्ट तर त्याच मीटिंगमध्ये उलगडली. मी विचारलं, यंदा नाही दिलं तर काय होईल? काका गप्प राहिले, पण सेक्रेटरी पटकन बोलून गेले, “नको नको, गेल्या वर्षीपर्यंत देत होते, यंदा काय झालं, असं व्हायला नको.” सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणजे सुरू करताना प्रेम होतं, बंद करायला भीती वाटते. जी भेट थांबवायची भीती वाटते तिला मराठीत वेगळा शब्द आहे, आणि तो टपरीवाल्यापासून बिल्डरपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. कमरेला पट्टा आणि हातात काठी असलेल्या माणसाने मागितलं नाही म्हणून दिलेलं स्वेच्छेचं होतं, असं मानायला मी तयार नाही. त्याने मागायची गरजच पडत नाही, इतकंच त्यातून सिद्ध होतं. आणि जाता जाता कमिटीच्या माहितीसाठी : भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर सरकारी नोकराने काम वाकडं करावं म्हणून देणाराही गुन्हेगार ठरतो. द्यायला भाग पाडलं गेलं असेल तर सात दिवसांत कळवणाऱ्याला सूट आहे. आमच्या ठरावाला अजून तरी तसा कुठला हेतू चिकटलेला नाही. ‘अजून तरी’ हे शब्द मात्र मी मुद्दाम घातले आहेत.

राहिली रीत. चहा नाकारणं म्हणजे अपमान, आपली संस्कृतीच तशी, वगैरे. आपली म्हणजे कुणाची? हाँगकाँगमध्येही असंच म्हणत. तिथे लाचेला ‘चहाचे पैसे’ म्हणायचे. आपल्या चहापाण्याचं सख्खं भावंड. रुग्णवाहिकेवरची माणसं आजाऱ्याला उचलायच्या आधी चहाचे पैसे घेत, इस्पितळातल्या आया पाण्याचा पेला द्यायलाही घेत. नववर्षाला लाल पाकिटात पैसे घालून द्यायची चाल तर घराघरात. 1973 मध्ये पीटर गॉडबर नावाचा पोलीस दलातला बडा अधिकारी, पगारात न बसणाऱ्या संपत्तीची चौकशी चालू असताना, विमानात बसून इंग्लंडला पळाला. लोक रस्त्यावर उतरले. 1974 च्या फेब्रुवारीत भ्रष्टाचाराच्या चौकशीसाठी पोलिसांपासून पूर्ण वेगळं असं आयोगाचं कार्यालय उभं राहिलं आणि पुढच्या वर्षी गॉडबरला परत आणून तुरुंगात घातलं. या कहाणीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट त्यांच्या लाचलुचपत कायद्यातलं एक छोटंसं कलम आहे. त्यात म्हटलंय की अशी देणगी त्या धंद्यात, त्या पेशात रिवाजाचीच आहे, हा बचाव चालणार नाही. रिवाज आहे हे मान्य, तरीही चालणार नाही! म्हणून हाँगकाँगची माणसं माणुसकी विसरली असं काही झालं नाही. नववर्षाची लाल पाकिटं आजही वाटली जातात, घरात, नात्यात. वाट मात्र सोपी नव्हती. 1977 मध्ये चिडलेले पोलीस त्या आयोगाच्या कार्यालयात घुसले, मारामारी झाली आणि गव्हर्नरला जुन्या प्रकरणांत अंशतः माफी जाहीर करावी लागली. एवढं होऊनही कायदा आणि आयोग दोन्ही टिकले.

नियमात सवड ठेवली की तिचा भार कुणावर पडतो, हेही काकांनी बघावं. ‘थोडं चालतं’ असं म्हटलं की किती चालतं हे ठरवायचं काम चौकीतल्या सर्वांत तरुण शिपायाच्या गळ्यात येतं. समोर वडिलांच्या वयाचा दुकानदार पेढ्याचा पुडा पुढे करून उभा, पाठीमागे साहेब बघतायत. त्याने नाही म्हटलं तर तो शिष्ट. साहेबांनी घेतलं असताना याने नाकारलं तर त्याहून वाईट. सरसकट बंदी असेल तर त्याला हात जोडून म्हणता येतं, “दादा, नियम आहे, माझी नोकरी जाईल.” दुकानदार नियमाला शिव्या देईल, त्याला नाही. काकांना अपमानाची एवढी काळजी आहे, तर ढिला नियमच लोकांना अपमान करायला लावतो हे त्यांच्या ध्यानात यायला हवं होतं.

थोड्याने बिघडत नाही, हेही न्यूयॉर्कमध्ये एकदा तपासून झालंय. तिथल्या पोलिसांमधल्या भ्रष्टाचाराची चौकशी करायला 1970 मध्ये नॅप आयोग नेमला गेला, 1972 मध्ये त्याचा अहवाल आला. त्यात घेणाऱ्यांचे दोन प्रकार केले होते, गवत खाणारे आणि मांस खाणारे. दुसरे शिकार शोधत हिंडतात; पहिले वाटेत येईल तेवढं चरतात, फुकटचं जेवण, पाच-दहा डॉलर, नाताळची भेट. आयोगाने म्हटलं की खरं दुखणं चरणाऱ्यांचं आहे, कारण ते संख्येने इतके असतात की घेणं ही लाज वाटण्याजोगी गोष्ट राहतच नाही. उलट न घेणाराच दलात एकटा पडतो.

आता काकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा. तो मला मान्य आहे आणि म्हणूनच त्यांचा निष्कर्ष अमान्य आहे. पोलिसांचे हाल होतात. पुण्याची विसर्जन मिरवणूक अनंत चतुर्दशीला सकाळी निघते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपत नाही. तेवढा वेळ बंदोबस्तावरची माणसं पायांवर असतात. बायकांचे आणखी वेगळे हाल, कारण रस्त्यावर स्वच्छतागृह नाही, म्हणून कित्येकजणी पाणीच पीत नाहीत. बारा तासांची ड्युटी हा वर्षानुवर्षांचा पायंडा. 2016 साली मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला. त्याची कल्पना तिथल्याच एका शिपायाने कागदावर मांडली होती. म्हणजे आठ तास झोपायला मिळावं म्हणून शिपायाला स्वतः गणित मांडून वर पाठवावं लागलं. या माणसाला आपण काय देतो? काजू. त्याच्या लेकरांना चार काजू मिळाले पाहिजेत हे खरं, पण ते त्याच्या पगारातून आले पाहिजेत, माझ्या सोसायटीच्या किरकोळ खर्चातून नव्हे.

शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ छावणीला असलेल्या लष्करातल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र आपल्याकडे पुष्कळदा भाषणांत येतं. रयतेला त्रास देऊ नका, एवढंच त्यातलं सांगितलं जातं, आणि टाळ्या घेऊन वक्ता खाली बसतो. त्या पत्राची बांधणी कुणी बघत नाही. त्यात आधी पावसाळ्यापुरत्या दाण्या-वैरणीचा हिशेब आहे, आताच उधळलंत तर भर पावसात घोडी उपाशी मरतील हा इशारा आहे. मग, तुमची वाटणी खजिन्यातून तुमच्या पदरात घातलेली आहे, याची आठवण आहे. आणि त्यानंतर हुकूम : दाणा, गवत, लाकूडफाटा, भाजी, जे लागेल ते बाजारात जाऊन विकत आणा. नाहीतर लोक म्हणतील, यांच्यापेक्षा मोगल बरे. आधी शिधा, मग बंदी. आपण शिधा देणं टाळतो, बंदी कागदावर ठेवतो आणि मधली जागा काजूंनी भरतो. सरकारला यासारखी स्वस्त सोय दुसरी नाही.

हा प्रकार आता माणसांपुरता राहिलेला नाही. रस्त्यावरचं पिवळं बॅरिकेड बघा : त्यावर सराफाचं नाव, क्लासवाल्याचं नाव, बिल्डरचा फोन नंबर. पोलीस ठाण्यात जा : पाण्याच्या मशीनवर ‘सौजन्य’, भिंतीवरच्या घड्याळावर ‘सौजन्य’, फिर्यादीसाठी ठेवलेल्या बाकड्याच्या पाठीवर ‘सौजन्य’. हा शब्द आपण किती निर्धास्तपणे वापरतो! समजा, ज्याने फ्लॅटचे पैसे घेऊन ताबा दिला नाही त्या बिल्डरविरुद्ध मी तक्रार द्यायला गेले आणि मला बसायला दिलेल्या बाकड्यावर त्याचंच नाव असलं, तर मी नेमकी कुणाच्या घरी आलेय? ठाणेदार शंभर नंबरी असेल. मी कशावरून ओळखायचं? काही जण म्हणतात, वस्तू तरी उघड असतात, कुणाच्या घरी जात नाहीत. खरं आहे, आणि हातात ठेवलेल्या डब्यापेक्षा मी हे बरं समजते. ज्यांना खरोखर द्यायचंय त्यांनी सरकारी तिजोरीत भरावं, पावती घ्यावी आणि कुठेही नाव लावू नये. नावाची पट्टी काढा आणि मग किती बॅरिकेडं उरतात ते मोजा.

या भेटींशिवाय पोलीस आणि लोक जवळ कसे येणार, असं एक तरुण सभासद म्हणाला. त्याने भिवंडीची गोष्ट वाचावी. 1984 च्या दंगलीत होरपळलेलं गाव. तिथे पुढे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बसवल्या. हिंदू-मुसलमान दोन्ही धर्मांची माणसं आणि त्या भागाचा पोलीस एकत्र बसणार, पुन्हा पुन्हा बसणार, नळाच्या भांडणापासून सगळं बोलणार. 1992-93 मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. तो जिव्हाळा बैठकींतून आला. आणि त्या बैठकीला ज्याच्याकडे द्यायला काही नव्हतं तोही बसू शकत होता, सगळी मख्खी तिथे होती.

एक जागा मात्र मी काकांना सोडते. चोरीला गेलेलं मंगळसूत्र परत मिळालं म्हणून एखादी म्हातारी पेढे घेऊन येते. काम झालेलं आहे, पुन्हा तिची गाठ पडेल असं नाही. ते पेढे नाकारणाऱ्या फौजदाराला मी नियमनिष्ठ म्हणेन, पण त्याच्याबरोबर जेवायला बसणार नाही. पुडा तिथेच फोडावा, समोर बसलेल्या सगळ्यांना, कोठडीतल्यालाही, एकेक द्यावा आणि विषय संपवावा. तेही, ती म्हातारी असेल तर. तिच्या जागी सराफ असेल आणि पेढ्यांच्या पुड्याखाली चांदीचं नाणं असेल, तर नाही.

मीटिंग झाली, डबे गेले. त्यानंतर तीनएक आठवड्यांनी आमच्या पार्किंगमधून एका मुलाची गिअरची सायकल चोरीला गेली. सेक्रेटरींनी चौकीवर फोन केला, अर्ध्या तासात दोघं आले, कॅमेऱ्याचं फुटेज बघितलं, गुन्हा नोंदवला गेला. चांगलं झालं, पोलिसांनी असंच वागावं. त्याच आठवड्यात आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचा मोबाइल भाजी बाजारात हातातून हिसकावून नेला. त्या दोनदा जाऊन आल्या. पहिल्यांदा बिल आणा म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा एक कागद मिळाला, तो त्यांनी पिठाच्या हाताने माझ्यापुढे धरला. त्यात मोबाइल ‘गहाळ’ झाल्याचं लिहिलं होतं. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की तो नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2013 मध्ये ललिताकुमारी प्रकरणात सांगितलंय, हे मला माहीत होतं. मावशींना माहीत असण्याचं कारण नव्हतं. सायकल आणि मोबाइल यांच्या मधे आमचे 14 डबे होते असं मी सिद्ध करू शकत नाही. ज्याने तो कागद लिहिला त्यालाही ते सांगता येणार नाही.

मावशी म्हणाल्या, “ताई, तुम्ही काही बोलू नका. नुसत्या येऊन शेजारी उभ्या राहा.”

मी गेले. ठाणे अंमलदाराने वर बघितलं, कुठून आलात विचारलं. मी सोसायटीचं नाव सांगितलं. त्याने स्वतः उठून खुर्ची ओढली. “बसा ना मॅडम. अरे, मॅडमना चहा सांग.” मी नको म्हणाले, पण तो येऊन पुढ्यात ठेवलाही गेला. मावशींची हकिकत पुन्हा विचारली गेली, या वेळी कुठल्या गल्लीत, गाडीवर किती जण होते, तेसुद्धा. ‘गहाळ’चा कागद बाजूला सरला आणि नव्या कागदावर ‘चोरी’ हा शब्द आला. टेबलाच्या कोपऱ्यात चार खणांचा एक डबा होता, झाकण नसलेला. एका खणात टाचण्या, दुसऱ्यात शिक्का, तिसऱ्यात टॅगचे दोरे. चौथ्यात साखरेच्या पुड्या होत्या. त्याने त्यातली एक काढून माझ्या कपाशेजारी ठेवली आणि मावशींना म्हणाला, “हं, पुढं सांगा.” त्या उभ्याच होत्या.